माडाला तार

वहीत लिहिलंय:
मागच्या वर्षी कौलं फुटली सतरा.
अकरा नारळांनी, चार चुडतांनी,
एक वानराने,
आणि एक मी स्वतः, पाय चुकून,
बाकीची शोधायला वर चढले तेव्हा.

माड आमचा नाही. गडग्यापलीकडच्या इनासचा.
बुंधा त्याच्या परसात,
शेंडा आमच्या माजघरावर.

नारळ पडतो तो रात्रीच.
आधी काहीच नसतं, मग एकदम आवाज,
मग खापऱ्या माळ्यावर घरंगळत जातात
आणि रघुवीर आणि मी अंधारात गप्प,
मागून दुसरा येतोय का म्हणून.
सकाळी नारळ इनासला नेऊन द्यायचा.
कौल आपलंच.
या छापाची आता मिळतही नाहीत;
गोठा उतरवला त्यातली रचून ठेवलीत,
दर खेपेला थप्पी वीतभर खाली.

तोड म्हटलं असतं तर त्याने तोडला असता.
करवतवाल्याचा भावसुद्धा विचारून आला होता.
पण त्याची बायको रुझारीन
तीन दिवस आमच्याशी बोलली नाही,
आणि चौथ्या दिवशी गडग्यावर हात टेकून म्हणाली,
"दीडशे नारळ देता वर्साक.
तुमचा घर काय देता?"

मला उत्तर सुचलं नाही.
अजून सुचलेलं नाही.

दाजी कोयंडे पाडेली. तो उतरला तेव्हा मी विचारलं,
बाकीचे सगळे सरळ, हाच का असा वाकडा?
पायातला फास सोडत तो म्हणाला,
"माडाक उजेड व्हयो.
हयसर सगळी दाटी. मोकळा आभाळ थंयच,
तुमच्या छपराच्या वर.
घर बांधलात तेवा तुमीच तेका वाट दिलात."

खरं होतं.
जागा साफ करताना आम्ही दोन काजू पाडले, एक बेहडा.
चिरे आले, वासे चढले,
आणि गडग्यापलीकडे कमरेएवढा एक माड
त्या भगदाडाकडे वळायला लागला.
आम्ही तेव्हा कौलं मोजत होतो.

शेवटी तार बांधायचं ठरलं.
वेंगुर्ल्याच्या बंदरातून ट्रॉलरची जुनी तार आणली,
दोन दिवस उन्हात टाकली तरी बांगड्याचा वास जाईना.
दाजीने आधी तयार नारळ उतरवले,
सुकी चुडतं ओढून काढली,
खोडाला गोणपाट गुंडाळलं, तार रुतू नये म्हणून,
आणि वरून दोन वेढे.

आता दुसरं टोक.
इनासच्या परसात केळी, अननस, डुकरांचं खुराडं.
ताण घेईल असं काही नाही.
त्याच्या मागून आमच्या जमिनीची एक पट्टी जाते, जिभेसारखी,
तिच्या टोकाला आमचा फणस.

त्या फणसाचा सौदा झाला होता.
लाकडाच्या पैशांत वरून पत्रा घालायचा,
मग पडू दे काय पडायचं ते.
बयाण्याचे पाच हजार
देवघरातल्या डब्यात होते.

रघुवीरने फणसाकडे बघितलं, मग दाजीकडे,
मग माझ्याकडे.
मी डबा आणायला आत गेले.

चौघांनी ओढली. इनास सर्वांत पुढे,
रुझारीन मागून ओरडत, "हळू, मोडशात तेका!"
माड सरळ झाला नाही. होणारही नव्हता.
हातभर मागे आला,
तेवढ्यात शेंडा माजघरावरून सुटून
न्हाणीघरावर गेला.
न्हाणीघराला कौलं कमी आहेत.

आता वारा सुटला की तार गुणगुणते.
एक टोक त्याचं, एक आमचं,
मध्ये त्याचं खुराडं, वर कोणाचंच नाही असं आभाळ.
फणस तोडता येत नाही, माड तोडता येत नाही.
दर सहा महिन्यांनी गोणपाट बदलायचं,
त्याची पाळी सध्या इनासकडे आहे
आणि तो विसरतो.

वहीत या वर्षीच्या पानावर
अजून एकच नोंद.
कौल, एक.
वानर. तारेवरून आलं.